गाडी जप्त झाली म्हणजे गेली का? सुपूर्दनाम्यापासून सरकारजमा होईपर्यंत नेमके काय घडते

कोणत्याही पोलीस ठाण्याच्या आवारात डोकावून बघा. गंजलेल्या दुचाकी एकमेकींवर रेललेल्या, टपाचे कापड फाटलेल्या रिक्षा, चाके जमिनीत रुतलेला एखादा टेम्पो. यातली प्रत्येक गाडी कुणाच्या तरी नावावर आहे. काहींचे हप्ते आजही बँकेच्या खात्यातून कापले जात असतील. आणि यातल्या बऱ्याच गाड्या सरकारच्या मालकीच्या झालेल्याच नाहीत. त्या फक्त जप्त आहेत.

'जप्त' आणि 'सरकारजमा' या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. या अंतरात मालकाला बोलण्याचा, कागद दाखवण्याचा आणि गाडी ताब्यात मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पण अनेकांना तो माहीत नसतो. 'केस संपल्यावर बघू' म्हणत लोक थांबतात आणि केस संपेपर्यंत गाडीच संपते. म्हणून ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू

अडकवून ठेवणे: लायसन्स, नोंदणी किंवा परमिट नसताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०७ नुसार गाडी अडकवून ठेवता येते. इथे प्रश्न कागदपत्रांचा असतो. ती दाखवून, दंड भरून गाडी सोडवता येते.

जप्ती: गाडी एखाद्या गुन्ह्यात वापरली गेली, चोरीची निघाली किंवा पुरावा म्हणून हवी असेल तर पोलीस ती ताब्यात घेतात. आता हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होती. जप्तीनंतर गाडी 'मुद्देमाल' होते, मालकी मात्र तुमचीच राहते.

सुपूर्दनामा: खटला सुरू असताना न्यायालय अटी घालून गाडी तात्पुरती मालकाकडे सोपवते. तुम्ही ती चालवू शकता, पण न्यायालय मागेल तेव्हा हजर करावी लागते.

सरकारजमा: कायद्यातल्या ठरावीक कारणासाठी, मालकाला संधी देऊन, सक्षम न्यायालय किंवा अधिकारी तुमची मालकी संपवतो आणि गाडी सरकारची होते. त्यानंतर सहसा लिलाव होतो.

राज्यघटनेचे कलम ३०० अ सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. गाडी हीदेखील मालमत्ताच आहे. त्यामुळे 'जप्ती झाली म्हणजे सरकारजमा झालीच' असे ठाण्यात कुणी सांगितले, तर ते कायद्याला धरून नाही.

गाडी नेली त्या दिवशी काय व्हायला हवे?

पहिला कागद म्हणजे जप्ती पंचनामा. त्यात गाडीचा नंबर, इंजिन आणि चासी नंबर, रंग, गाडीची स्थिती आणि सोबतच्या वस्तूंची नोंद हवी. बॅटरी, स्टेपनी, टेप, ताडपत्री, मीटरवरचे किलोमीटर हे तपशील त्या दिवशी किरकोळ वाटतात. पण सहा महिन्यांनी गाडी परत घेताना बॅटरी गायब असेल, तर बोट ठेवायला हाच एक कागद असतो.

नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करायचे आहे. मोबाइलवर केलेलेही चालते. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. जप्तीचा अहवालही पोलिसांनी लगेच न्यायालयाला द्यायचा असतो.

एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. जप्त केलेली वस्तू न्यायालयात नेणे सोयीचे नसेल किंवा ठेवायला जागा नसेल, तर पोलीस अधिकारी ती हमीपत्र घेऊन एखाद्या व्यक्तीच्या ताब्यात देऊ शकतो. कलम १०६ मध्येच हे लिहिले आहे. प्रत्यक्षात 'कोर्टाची ऑर्डर आणा' हेच उत्तर मिळते. अधिकाऱ्याला जबाबदारी घ्यायची नसते, आणि एका मर्यादेपर्यंत ते समजण्यासारखे आहे. तरीही अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पुढे न्यायालयात तो कागद उपयोगी पडतो.

अर्ज कुठे करायचा? इथेच अनेकांचे महिने वाया जातात

सगळ्या जप्त गाड्या एकाच न्यायालयातून सुटत नाहीत. गाडी कोणत्या कायद्याखाली जप्त झाली, त्यावर अर्ज कुठे करायचा हे ठरते.

• अपघात, चोरी, मारामारी, फसवणूक: त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. अर्ज संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली होतो.

• बेकायदा दारूची वाहतूक: कारवाई पोलिसांची असो की राज्य उत्पादन शुल्क विभागाची, महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ ची कलमे ९८ ते १०० लागू होतात.

• अमली पदार्थ: एनडीपीएस कायद्याखालचे विशेष न्यायालय.

• वाळू, मुरूम अशी गौण खनिजे: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार महसूल यंत्रणा. खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर जाते. दंड भरून आणि हमीपत्र देऊन ती सोडवता येते. पण त्याच घटनेत पोलिसांनी चोरीचा गुन्हाही नोंदवला असेल, तर न्यायालयाचा मार्ग वेगळा चालतो. वाळूउपशात खनिज कायद्यासोबत चोरीचा गुन्हाही चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे तहसीलमध्ये दंड भरूनही गाडी ठाण्यातच अडकल्याची तक्रार येते.

• लाकूड आणि वनोपज: भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील महाराष्ट्राच्या दुरुस्तीनुसार, म्हणजे कलम ६१ अ आणि पुढील कलमांनुसार, वन विभागाचा प्राधिकृत अधिकारीच गाडी सरकारजमा करू शकतो. त्याविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते.

• रेशनचे धान्य, रॉकेल: अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ च्या कलम ६ अ नुसार जिल्हाधिकारी. भाड्याने चालणाऱ्या गाडीच्या मालकाला सरकारजमा करण्याऐवजी दंड भरण्याचा पर्याय द्यावा लागतो. हा दंड जप्त मालाच्या बाजारभावापेक्षा जास्त असू शकत नाही.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हातात हवे: गाडी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली जप्त झाली? ते एफआयआर आणि पंचनाम्यात असते. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतो.

न्यायालयात अर्ज दिल्यावर काय होते?

अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि एफआयआर किंवा पंचनाम्याची प्रत लागते. व्यावसायिक गाडी असेल तर फिटनेस आणि परमिटही. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र जोडलेले बरे, कारण नंतर तीच कंपनी ताबा मागायला येऊ शकते.

न्यायालय तपास अधिकारी आणि सरकारी वकिलांचे म्हणणे मागवते. कोर्टाच्या बोलीत यालाच 'से' म्हणतात. अर्ज रेंगाळतो तो बहुतेक इथेच. तपास अधिकारी बंदोबस्तावर असतो, बदलीवर जातो, 'से' येत नाही आणि तारीख पडते. तुमच्या वकिलाला प्रत्येक तारखेला 'से आला का' हा एकच प्रश्न विचारा.

आदेश झाला की अटी येतात. ठरावीक रकमेचा जातमुचलका किंवा जामीनदार, गाडी विकायची नाही, रंग आणि नंबर बदलायचे नाहीत, बोलावल्यावर हजर करायची, सोडण्याआधी फोटो आणि सविस्तर पंचनामा करायचा. जामीनदाराकडे सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक मागितले जाते.

सेकंडहँड गाडी घेऊन आरसी नावावर न केलेल्यांची अडचण इथे होते. न्यायालय सहसा नोंदणीकृत मालकाकडे बघते. गाडी तुम्ही चालवता, पैसे तुम्ही दिले, पण आरसीवर आधीच्या मालकाचे नाव आहे. मग अर्जासाठी त्याला शोधून आणावे लागते. पाच वर्षांपूर्वी गाडी विकून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढायला उत्साहाने येत नाही.

अर्ज फेटाळला गेला तर वरच्या न्यायालयात दाद मागता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच काय सांगितले होते?

सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा १ ऑक्टोबर २००२ चा निकाल या विषयाचा पाया आहे. गंमत अशी की या प्रकरणात न्यायालयात आलेले लोक पोलीस कर्मचारीच होते. ठाण्यात ठेवलेला मुद्देमाल बदलणे, त्यातील रकमेचा अपहार आणि परवानगीशिवाय लिलाव असे आरोप त्यांच्यावर होते. म्हणजे मुद्देमाल ठाण्यात पडून राहिला की काय होऊ शकते, याचे उदाहरण न्यायालयासमोरच उभे होते.

न्यायालयाने सांगितले की जप्त वस्तू ठाण्यात १५ दिवस ते एक महिना यापेक्षा जास्त ठेवू नयेत. गाड्या दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात काही अर्थ नाही. योग्य हमी आणि जामीन घेऊन त्या सोडाव्यात. फोटो आणि पंचनामा करून ठेवला की पुराव्याचे काम भागते. मालक, विमा कंपनी किंवा अन्य कुणीच दावा सांगायला आले नाही, तर लिलावाचा मार्ग आहे.

आज बहुतेक अर्जांत वकील याच निकालाचा दाखला देतात. तरीही ठाण्यांची आवारे भरलेलीच आहेत.

१४ दिवस आणि ३० दिवस: नव्या कायद्यातील घड्याळ

नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये महत्त्वाची भर पडली आहे. वस्तू न्यायालयासमोर आणल्यापासून १४ दिवसांत न्यायालयाने तिच्या वर्णनाचे विवरण तयार करायचे. तिचे फोटो आणि गरज असेल तर व्हिडिओ काढून घ्यायचे. हे विवरण आणि फोटो खटल्यात पुरावा म्हणून वापरता येतात. त्यानंतर ३० दिवसांत वस्तू परत द्यायची, विकायची, नष्ट करायची की सरकारजमा करायची, याचा आदेश द्यायचा.

गाडी आवारात ठेवण्याचे मुख्य कारण 'ती पुरावा आहे' असे सांगितले जाते. कायदाच आता फोटोला पुरावा मानतो. मग बहुतेक गुन्ह्यांत लोखंड जपून ठेवण्याचे कारण उरत नाही.

पण घड्याळ सुरू कधी होते? 'न्यायालयासमोर आणल्यापासून'. ट्रक किंवा टेम्पो सहसा न्यायालयासमोर आणला जात नाही. जप्तीचा फक्त अहवाल जातो आणि गाडी आवारात उभी राहते. अशा गाडीबाबत कलम ५०३ खाली दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, पण तिथे असे दिवस मोजलेले नाहीत. नवी मुदत कागदावर आहे, पण तुमच्या गाडीसाठी ती आपोआप सुरू होईलच असे नाही. म्हणून अर्ज तुम्हालाच करावा लागतो.

सरकारजमा कधी होते? 'मला माहीत नव्हते' एवढे पुरेसे नाही

समजा, तुमचा टेम्पो तुम्ही चालकाकडे दिला आहे. त्याने तुमच्या नकळत बेकायदा माल भरला आणि नाकाबंदीत गाडी पकडली गेली. तुम्ही म्हणता, मी घरी होतो, मला काहीच ठाऊक नव्हते. हे खरे असले तरी कायदा पुढचा प्रश्न विचारतो: असे होऊ नये म्हणून तुम्ही काय केले?

दारूबंदी कायद्यात मालकाने गुन्हा टाळण्यासाठी योग्य काळजी घेतल्याचे न्यायालयाला पटवून दिले, तर गाडी सरकारजमा होत नाही. एनडीपीएसच्या कलम ६० मध्ये अट आणखी कडक आहे. मालक, त्याचा प्रतिनिधी आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती तो, या तिघांनाही माहिती नव्हती आणि तिघांनीही सर्व वाजवी खबरदारी घेतली होती, हे मालकाने सिद्ध करायचे असते. अत्यावश्यक वस्तू कायदा आणि वन कायद्यातही याच धर्तीची तरतूद आहे.

खबरदारी सिद्ध कशाने होते? कागदांनी. चालकाचे नेमणूकपत्र आणि त्याच्या लायसन्सची प्रत, मालाची बिल्टी आणि ई-वे बिल, जीपीएसची नोंद, 'अमुक माल भरायचा नाही' अशी लेखी सूचना, भाडेकरार. गाडी पकडल्यावर हे तयार करता येत नाही. गाडी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या प्रत्येक मालकाने ही फाइल आजच करून ठेवावी.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात गाडी खटला संपेपर्यंत सोडताच येत नाही, असा समज होता. विश्वजीत डे विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात ७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला. कर्जावर घेतलेला ट्रक हेच अर्जदाराच्या उत्पन्नाचे साधन होते आणि अमली पदार्थ ट्रकमधल्या एका प्रवाशाकडे सापडला होता. अंतरिम सुटकेला कायद्यात थेट बंदी नाही, असे न्यायालयाने म्हटले. माल मालकाकडे किंवा त्याच्या चालक-क्लीनरकडे सापडला तर गाडी सहसा सुटणार नाही. गाडी चोरीची असेल किंवा माल त्रयस्थ प्रवाशाकडे सापडला आणि मालक-चालकाचा संबंध दिसत नसेल, तर ती सहसा सुपूर्दनाम्यावर द्यावी, अशी विभागणी न्यायालयाने केली.

आरोपी निर्दोष सुटला तर गाडी परत मिळते का? अनेक गुन्ह्यांत हो. अब्दुल वहाब विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात आरोपी निर्दोष सुटूनही जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ट्रक सरकारजमा केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि कलम ३०० अ ची आठवण करून दिली. एनडीपीएसमध्ये मात्र कलम ६३ नुसार आरोपी दोषी ठरो वा सुटो, गाडीचा प्रश्न न्यायालय स्वतंत्रपणे ठरवते. तिथे मालकाने 'आरोपी सुटला म्हणजे गाडीही सुटली' असे धरून घरी बसू नये.

अपघातातील गाडी: विमा नसेल तर चित्र बदलते

अपघातानंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार गाडीची तपासणी होते. तपासणीसाठी गाडी कुठे नेली हे मालकाला कळवायचे आणि औपचारिकता पूर्ण झाल्यावर २४ तासांत ती परत करायची, असे हे कलम सांगते. वैध विमा आणि कागदपत्रे असतील तर अपघातातल्या गाडीचा अर्ज तुलनेने लवकर मार्गी लागतो.

थर्ड पार्टी विमा नसेल आणि कुणाचा जीव गेला किंवा दुखापत झाली असेल, तर नियम कडक आहेत. भरपाईची हमी भागेल एवढी सुरक्षा रक्कम दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. गाडी ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांत मालकाने ती दिली नाही, तर लिलाव करून रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जमा करायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उषा देवी प्रकरणात राज्यांना असे नियम करायला सांगितले. २०२२ पासून केंद्रीय नियमांतही ही तरतूद आली. यात अन्याय काही नाही. गाडी हातची गेली की जखमीच्या कुटुंबाला भरपाई कुठून मिळणार, हा त्यामागचा साधा विचार आहे.

निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद वाचा

सुपूर्दनाम्यावर गाडी मिळाली म्हणजे विषय संपला, असे नाही. खटल्याच्या निकालात कलम ४९८ नुसार मुद्देमालाचा अंतिम आदेश होतो. तो बहुतेक वेळा निकालपत्राच्या शेवटच्या दोन-चार ओळींत असतो. गाडी मालकाकडेच कायम ठेवावी, असे तिथे असेल तर प्रश्न मिटला. 'सरकारजमा करावी' असे असेल तर मुदत सुरू झाली.

मुद्देमालाच्या आदेशाची अंमलबजावणी सहसा दोन महिने होत नाही. अपील दाखल झाले तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबते. मालक आरोपी नसेल तर निकालाच्या दिवशी तो न्यायालयात नसतो आणि आरोपीच्या वकिलाला गाडीची काळजी नसते. आदेशाने नुकसान झालेल्या कुणालाही कलम ५०० नुसार अपील करता येते. त्यासाठी आरोपी असण्याची गरज नाही. ई-कोर्ट ॲपवर खटल्याचा क्रमांक जतन करून ठेवा आणि निकालाची तारीख चुकवू नका.

मालकच पुढे आला नाही तर? न्यायालय जाहीर प्रकटन काढते. सहा महिन्यांत कुणी हक्क सिद्ध केला नाही, तर मालमत्ता सरकारकडे जाऊ शकते. बेवारस वाहनांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्येही प्रकटन आणि लिलावाची तरतूद आहे. वर्तमानपत्रात 'बेवारस वाहनांचा लिलाव' अशी नोटीस दिसली तर तुमचा नंबर त्यात नाही ना, हे बघा.

उभी गाडी झिजत नाही, हा गैरसमज

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत एक गोष्ट पक्की होते: यंत्र वापरल्यापेक्षा नुसते उभे ठेवल्याने लवकर मरते. काही महिने चार्ज न झालेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचते आणि ती पुन्हा उभी राहत नाही. टाकीतले पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर तुंबवते. ब्रेक गंजतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. कोकणात एक पावसाळा उघड्यावर काढला तरी पत्र्याला भोके पडू लागतात.

कागदही जुने होतात. व्यावसायिक गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी काढावा लागतो. सीएनजी टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. विमा संपतो. गाडी सुटली तरी रस्त्यावर आणायला नव्याने खर्च येतो.

विमा कंपन्यांचा प्रचलित घसारा घेतला तरी हिशेब कळतो. एक ते दोन वर्षांच्या गाडीची किंमत २० टक्क्यांनी कमी धरतात आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्क्यांनी. म्हणजे मूळ १० लाखांचा टेम्पो वर्षभरानंतर जप्त झाला तेव्हा ८ लाखांचा होता. तीन वर्षांनी सुटला तेव्हा कागदावर ५ लाखांचा उरला. हा नीट देखभाल केलेल्या गाडीचा दर आहे. उघड्यावर पडलेल्या गाडीला भंगारवालाच भाव ठरवतो. हप्ते या काळात थांबलेले नसतात.

आणि हे नुकसान एकट्या मालकाचे नाही. अखेर गाडी सरकारजमा झाली तरी सरकारच्या हाती येते ती गंजलेली. वेळीच आदेश झाला असता तर चांगली गाडी विकून चांगली रक्कम तिजोरीत आली असती.

मग सगळ्या गाड्या सोडून द्यायच्या का?

नाही. सरकारजमा करण्याच्या तरतुदी उगाच आलेल्या नाहीत. नदीपात्रातून रात्री वाळू उपसणाऱ्याला दंड हा धंद्याचा खर्च वाटतो. त्याचा डंपर गेला तरच त्याला झळ बसते. हमीपत्रावर सुटलेली गाडी आठवड्याने त्याच घाटावर दिसली, तर नदीकाठच्या गावांचा कायद्यावर विश्वास कसा राहील? जंगलतोड आणि अमली पदार्थांच्या बाबतीतही हेच आहे. तिथे सुटका सहजासहजी न होणे योग्यच आहे.

आक्षेप सरकारजमा करण्यावर नाही, निर्णय न घेण्यावर आहे. सराईताची गाडी लवकर सरकारजमा व्हावी आणि निर्दोष मालकाची लवकर परत मिळावी. आज दोघांच्याही गाड्या एकाच आवारात, एकाच पावसात भिजतात. त्यात सराईताचे फारसे बिघडत नाही. तो दुसरी गाडी घेतो. एका टेम्पोवर घर चालवणारा मात्र उठू शकत नाही.

काय बदलायला हवे?

यासाठी नवा कायदा लागत नाही. चार साध्या गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, जप्तीच्या वेळीच मालकाला एक पानाची मराठी पावती द्यावी. कोणता कायदा, कोणते कलम, गाडी कुठे ठेवली, सुटकेचा अर्ज कोणाकडे करायचा, एवढे त्यात असावे. मालक जागेवर नसेल तर आरसीवरच्या मोबाइलवर संदेश जावा. ई-चलनाचा संदेश काही मिनिटांत येतो, मग जप्तीचा का येऊ नये?

दुसरी, १४ आणि ३० दिवसांचे घड्याळ जप्तीचा अहवाल न्यायालयात पोहोचल्या दिवसापासून मोजावे. विवरणाचा नमुना आणि पद्धत नियमांनी ठरवण्याचा अधिकार याच कलमात राज्य सरकारला दिला आहे. गाडी प्रत्यक्ष न आणता फोटो आणि चित्रीकरण सादर करण्याची सोय त्यात नीट बसवता येईल.

तिसरी, तपास अधिकाऱ्याच्या 'से'ला मुदत असावी. त्या मुदतीत म्हणणे आले नाही, तर कागदपत्रांवरून निर्णय व्हावा.

चौथी, हमीची रक्कम गाडीच्या आजच्या किमतीशी आणि मालकाच्या ऐपतीशी सुसंगत असावी. पंधरा वर्षे जुन्या दुचाकीला पन्नास हजारांचा जामीनदार मागितला तर मालक गाडीच सोडून देतो आणि आवारात आणखी एक सांगाडा वाढतो.

तोपर्यंत तुमच्या हातात आहे ते करा. पंचनाम्याची प्रत घ्या. कलम कोणते ते शोधा. त्याप्रमाणे अर्ज करा आणि प्रत्येक अर्जाची पोच ठेवा. सरकारजमा करण्याची नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या. गप्प बसलात तर तुम्हाला काही सांगायचे नाही, असेच धरले जाईल. जप्त गाडीवरचा तुमचा हक्क कायद्याने शाबूत असतो. तो वेळेत मागितला, तर गाडीही शाबूत मिळण्याची शक्यता राहते.